गुटीतल्या गुळाचा आळ

भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क, असं आमच्यात म्हणतात. माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हाच धाकट्या बहिणीने सांगून ठेवलं, ही माझी सून. आगाशीला तिची केळीची वाडी, एकुलता मुलगा. बायकोला इतकं जवळचं नातं नको होतं. तिचं कोण ऐकतो. दिली मुलगी.

पहिलं बाळंतपण आमच्याकडे, विरारला. मुलगा झाला. आठवडा जायच्या आत दूध ओढेना, अंग ताठ करायला लागला आणि गेला. लंगोट बायकोच धुवायची. ती डॉक्टरला म्हणाली, "लघवीला करपलेल्या गुळासारखा वास येत होता." डॉक्टर हसला. बहीण हसली नाही. "गुटीत गूळ चाटवला असणार वहिनीने. तिच्या माहेरची खोडच ती." आगाशीभर झालं, आजीने नातू मारला. त्यानंतर शेजारच्या बारशाला बायकोला बोलावणं येईनासं झालं. आलंच तर बाळ कुणी तिच्या हातात देत नसे.

दोन-अडीच वर्षांनी लेकीला मुलगी झाली. पुन्हा तोच वास. ह्या वेळी बायको कुणाला विचारायला थांबली नाही. ओला लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, गाडी ठरवली आणि बाळ-बाळंतिणीला घेऊन मुंबईचा मोठा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि लगेच बाळाचं रक्त काढून बर्फात ठेवून लॅबला धाडलं. अमिनो अ‍ॅसिड तपासायची म्हणाल्या. मला अ‍ॅसिड म्हणजे संडास धुवायचं तेवढंच ठाऊक. बाईंनी समजावलं, दुधातल्या प्रोटीनचे हे बारीक तुकडे. हिच्या अंगात त्यातले तीन पुढे मोडत नाहीत, रक्तात साठतात, मेंदूला बाधतात, लघवीचा वास त्यांचाच. म्हणजे आईचं दूधच पोरीला विष. वेगळी पावडर लागते, ती परदेशातून मागवायची. पावडर यायच्या आधी पोर गेली.

गुळाचा आळ बायकोने बाईंना आधीच सांगितला होता. रिपोर्ट सांगताना बाईंनी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले?"

"जावयाने मामाची मुलगी केलीय," मी म्हटलं.

"मग बहुतेक तुम्हा बहीणभावांच्या आईवडिलांकडून आलंय. दोन्ही बाजूंनी उतरलं. आजींनी काही केलेलं नाही. गुळाचा तर संबंधच नाही."

बायको रडली नाही. म्हणाली, "हे वन्संना सांगा."

मी आगाशीला जाऊन सांगितलं. बहीण म्हणाली, "म्हणजे आपल्या आईबापाचं रक्त नासकं? दादा, बायकोने बरं पढवलंय तुला." जावई मान खाली घालून केळीची पानं मोजत बसला. मुलगी तिथेच नांदली. पुन्हा पोर नको म्हणाली.

बायको ह्या पौषात गेली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून बहीण पिठलं-भात घेऊन आली, सोबत माझी मुलगी. मी म्हटलं, "डबा ठेव खाली. आधी हिच्या दिव्यापुढे सांग, गूळ नव्हता म्हणून."

"मेलेल्या माणसापुढे काय उगाळतोस? दोन घास खा."

"ती जिवंत होती तेव्हा तुला कुणी अडवलं होतं?"

मुलगी म्हणाली, "बाबा, जाऊ द्या."

मी डबा बहिणीच्या हातात परत दिला. तिने पदर सावरला, चपला घातल्या आणि सुनेला हाक मारली. मुलीने एकदा आईच्या दिव्यात तेल घातलं आणि सासूच्या मागे निघून गेली.