शेजारच्या खुर्चीवरची छत्री

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात खरे इंग्रजी एकाच माणसाला येत होते, आणि तो माणूस आमच्या शाळेने काढून टाकला. हे वाक्य मी अकरा वर्षे पोटात ठेवले होते. आता ज्याला राग यायचा त्याला येवो. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांचे उच्चार ऐकून साहेब दचकला असता, हे मला मान्य आहे. त्यांचे भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच वाक्यात सुखाने नांदत. पण 'विथ', 'बिसाइड', 'टुगेदर' हे जवळिकीचे आणि सोबतीचे शब्द त्यांना कळले तसे कोणाला कळलेले मी पाहिले नाहीत. बाकीचे शिक्षक हे शब्द फळ्यावर लिहीत, समोर अर्थ लिहीत आणि पोरांकडून दहादा घोकून घेत. मास्तर म्हणत, "घोकून कोठं सोबत होते काय? सोबत करा लागते."

आणि ते करत. कोणी गावाला निघाला की हे छत्री काखेत मारून तयार. एकदा जिनिंगमधले यंत्र दुरुस्त करायला आलेल्या एका परक्या मिस्त्रीने त्यांना मोटार स्टँडचा रस्ता विचारला. रस्ता सांगणे मास्तरांच्या स्वभावातच नव्हते. ते सोडायला निघाले. मिस्त्री मुलीच्या सोयरिकीची हकीकत सांगत होता. ती स्टँडवर संपेना, म्हणून मास्तर गाडीत चढले आणि हकिकतीतली सोयरीक जमल्यावरच, वणीला उतरले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी जाब विचारला तर म्हणाले, "बिचाऱ्याले अर्ध्यात कसा सोडू जी? मंग ते 'विथ' कायचं?" याच हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी एकदा चाळीस पोरे नेली होती. "दाराशी उभे राहा, हे झालं 'निअर'. आता साहेबांच्या खुर्चीले खेटून उभे राहा, हे 'बिसाइड'." धडा उत्तम झाला. साहेबांची पानाची चंची मात्र पायाखाली आली.

रस्त्याने जाताना नवरा चार पावले पुढे आणि बायको मागे, ही आमच्या गावची रीत. मास्तर बायकोच्या बरोबरीने चालत. बाई लाजून मागे राहिल्या की हेही थांबत. त्या आणखी हळू चालल्या की हे आणखी हळू. देवळापर्यंतच्या चार मिनिटांच्या वाटेला एकदा त्यांना पाऊण तास लागला.

"चाला न पुढं," बाई पदराआडून पुटपुटल्या, "लोकं पाहून राह्यले!"

"पाहू दे. फुकटात शिकून राह्यले."

इथवर गाव हसत होते. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहत होतो, गणित शिकवत होतो, आणि मीही हसत होतो. आम्ही नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो त्या सुमाराला मास्तरांनी तो डबा काढला आणि हसणे थांबले. शाळेत वकील-कारकुनांची मुले पुढच्या टाटपट्टीवर बसत. पूर्वी बैलांवर माल वाहून नेणाऱ्या आणि आता शेती करणाऱ्या लोकांच्या तांड्यावरून येणारी मुले शेवटच्या टाटपट्टीवर. असा नियम कोणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो कोणाला खोडताही येत नव्हता. मास्तरांनी बिस्किटाच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. दर सोमवारी दोन-दोन चिठ्ठ्या निघत, आणि ज्यांची नावे निघाली त्यांनी आठवडाभर शेजारी बसायचे. पुस्तक एक, दौत एक. मधल्या सुट्टीत घरीही एकमेकांना सोडायला जायचे. तिसऱ्या आठवड्यात संस्थेच्या चिटणीसांचा नातू तांड्यावर भाकर खाऊन आला आणि घरी म्हणाला, "आपल्यापेक्षा चांगली होती."

मास्तरांना रविवारी सकाळी शाळेच्या समितीपुढे हजर राहण्याचा हुकूम आला. आदल्या संध्याकाळी मास्तर माझ्या दारात उभे.

"उद्या येता काय माझ्या संगं?"

"मी काय बोलणार?"

"बोलू नका. तुमचं बोलणं 'तसं पाह्यलं तर'पासून सुरू होते अन् 'बाकी आपण ठरवाल ते'वर संपते. नुसते बाजूले बसा. एवढंच."

मी येतो म्हणालो. तेव्हा मी नोकरीत कायम झालो नव्हतो. कायम करण्याचा कागद चिटणीसांच्या टेबलावर होता. हे कारण आहे, सबब नव्हे.

सकाळी मी शाळेत गेलो. व्हरांड्यातल्या रांजणापर्यंत गेलो. तिथून खिडकीतून आतले सगळे दिसत होते. पाच मंडळी, समोर मास्तर, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची छत्री.

"कोणाची वाट पाहून राह्यले?" चिटणीस म्हणाले.

"माझे सोबती येऊन राह्यले."

मी पेला रांजणात बुडवला आणि पाणी प्यायलो. मग पुन्हा बुडवला. तांड्याचे नाईक, पांढऱ्या मिशांचे, अंगणात ताटकळत होते. ते न बोलावता आत शिरले. "मास्तर, ही जागा खाली हाये का?"

"नाही नाईक, भरेल हाये. तुम्ही या अंगाले बसा."

नाईक दुसऱ्या बाजूला बसले. छत्री तशीच राहिली. चिटणीस म्हणाले, "चिठ्ठ्या बंद करा, नाही तर उद्यापासून येऊ नका." मास्तर उठले. "चिठ्ठ्या बंद होत नाहीत. मी इंग्रजी शिकवून राह्यलो. तुम्हाले येत नसन तर वर्गात येऊन बसा. तुमची बी चिठ्ठी टाकतो."

बाहेर आले तेव्हा मी हातात पेला घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली. "ऊन लई हाये. चला, सोडतो तुम्हाले." आणि घरापर्यंत, माझ्या बरोबरीने, माझ्याच गतीने आले.

मी मात्र पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत राहिलो की मी अगदीच गेलो नव्हतो असे नाही, जवळच होतो.

मास्तर मुकुटबनकडे निघून गेले. मी कायम झालो. यंदा ते वारल्याचे कळले आणि मी गेलो. बाई एकट्या होत्या. मी सगळे सांगून टाकले, रांजणासकट. त्यांनी ऐकून घेतले. "घरी आले तवा म्हणे, उन्हानं चक्कर आली असन त्यायले. मले म्हणे, गूळ-पाणी देऊन ये. मी आलती. तुम्ही दार नाही उघडलं."

ते खरे होते.

परत निघालो तर बाई फाट्यापर्यंत आल्या. मागून नाही; माझ्या शेजारून. गाडी येईस्तोवर उभ्या राहिल्या आणि ऊन फार आहे म्हणून ती छत्री माझ्या हातात दिली.

गाडीत मी ती शेजारच्या जागेवर ठेवली. पुढच्या गावाला एक म्हातारा चढला. "ही जागा खाली हाये का, गुरुजी?" मी छत्री मांडीवर घेतली. "बसा न बाजूले." तो यवतमाळला लेकीकडे निघाला होता. तिचे बाळंतपण अडले होते, आणि तो ते सारे मला अगदी पहिल्या दिवसापासून सांगू लागला. माझा केळापूरचा फाटा आला तेव्हा त्याची गोष्ट अर्ध्यातच होती.

मी उतरलो नाही.