ठोक्यांच्या मधली दाढी

सलूनवाल्या तात्यांच्या भिंतीपलीकडे गॅसची विहीर खणायला घेतली, तेव्हा त्यांना वाटलं, कामगार येतील, धंदा वाढेल. कामगार आले. त्यांनी दाढ्या वाढवल्या.

मग जमिनीत पाइप ठोकणारा अवजड हातोडा सुरू झाला. तो पडायच्या आधी साखळी करकरायची. तात्यांनी तेवढ्यात वस्तरा उचलायची सवय लावून घेतली. करकर, हात वर. धप्प, हात खाली. कुणाच्या गालावर ओरखडासुद्धा उमटला नाही. पण गळ्याशी वस्तरा असताना एवढा भरवसा ठेवणार कोण? गिऱ्हाइकं पांगली. तात्या माशा मारत बसले. हादऱ्यांनी त्याही पळाल्या.

"असंच चाललं तर दुकान बंद करा आणि माझ्या भावाकडे नोकरीला लागा," बायको म्हणाली.

"त्यापेक्षा हातोडा बरा," तात्या म्हणाले. पण रात्रभर कूस बदलत राहिले.

एका सकाळी विहिरीवरचे इंजिनिअर साहेबच खुर्चीत येऊन बसले. "मिशी कोरा, दाढी काढा. लवकर. वरचे साहेब पाहणीला येताहेत."

करकर. हात वर. धप्प. आरसा थरथरला. दुसऱ्या ठोक्याला साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अहो, हे रोज असंच?"

"तुमची कृपा."

साहेबांनी फोन लावला. "माझी दाढी होईपर्यंत हातोडा थांबवा."

थांबला.

"म्हणजे थांबतो तर," तात्या म्हणाले.

शांतता ऐकून जुनी गिऱ्हाइकं घराबाहेर पडली आणि दुकानातल्या बाकावर येऊन बसली. निवृत्त मास्तर तर दोन महिन्यांचं जंगल हनुवटीवर घेऊन धावतच आले. साहेबांचा एक गाल आणि निम्मी मिशी उरकून तात्यांनी मास्तरांना शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"अहो, माझं अर्धंच झालंय!"

"हो ना. पण ही मंडळी तुमच्या आधीपासून खोळंबलीत."

"बसा हो साहेब," फेसातून मास्तर म्हणाले, "आम्ही नाही का बसलो घरी?"

साहेबांनी आरशात पाहिलं. एक बाजू अधिकाऱ्याची होती, दुसरी भलत्याच कुणाची तरी. "बरं, रोज दुपारपर्यंत हातोडा बंद. झालं?"

"मला काय सांगता? फोनवर सांगा. जरा मोठ्यानं."

साहेबांनी मोठ्यानं सांगितलं. बाकावरच्यांनी माना डोलावल्या. तात्यांनीही डोलावली आणि आधी मास्तरांची दाढी पुरी केली.