दुखण्याने जागा जात नसते

काकूंचं प्लास्टर आमच्या सोफ्याच्या लाकडी हातावर दाणकन आपटलं की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. पहिला दणका आमच्यासाठी असे, दुसरा टीव्हीसाठी. तिसरा मी कधी ऐकला नाही, कारण तोवर सगळे चिडीचूप झालेले असत. मग त्या प्लास्टर टीव्हीवर रोखून म्हणत, "दुखण्याने जागा जात नसते. लिहून ठेवा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं म्हणणं बरोबर असतं, आणि ते ज्या पद्धतीने सांगतात त्यामुळे ते चूक असावं असं आपल्याला मनापासून वाटतं. मला काकूंचा राग यायचा. आजही पूर्ण गेलाय असं म्हणवत नाही.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या अपार्टमेंटमध्ये मी वरच्या मजल्यावर एकटा राहायचो, आणि खाली मेधा, तिचा नवरा निखिल आणि त्यांची अडीच वर्षांची इरा. काकू म्हणजे मेधाची आई. इकडच्या आपल्या घरांमध्ये एक पद्धत होती, अजूनही आहे. नवरा-बायको दोघं नोकरीवर, मूल लहान, मग सहा महिने तिची आई आणि सहा महिने त्याची आई. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला सरकार सहा महिनेच राहू देतं. एक आजी विमानात चढते, दुसरी उतरते. मसाल्यांच्या डब्यांवरचं अक्षर तेवढं बदलतं.

काकूंची पाळी ऑगस्टपासून जानेवारीअखेरपर्यंत होती. पण मार्चमध्ये इराचा तिसरा वाढदिवस होता, आणि मुदतवाढीचा फॉर्म भरून त्यांना तोपर्यंत ठेवून घ्यायचं असं निखिलने कबूल केलं होतं. ही बातमी काकूंनी सगळ्या कॉम्प्लेक्सला सांगितली होती. टपाल टाकायला येणाऱ्या बाईलासुद्धा, मराठीतून.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या भांडायला. रविवारी दुपारी आमच्या ऑफिसातले तीन-चार जण माझ्या मोठ्या टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे इकडचा हाताने फेकायचा तो, बघायला जमत. दारावर थाप पडली. "खाली पोर झोपलंय. इथे काय तालीम आहे का?" मी सॉरी म्हणालो. त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. सांगलीला मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं पी.टी.च्या बाई होत्या, त्यामुळे मैदान दिसलं की त्यांचे पाय थबकत. दोन मिनिटं उभ्याने बघून म्हणाल्या, "वजन मागच्या पायावर आहे त्याचं. पडणार." तो पडला. आमच्यातला पराग त्यांच्यासाठी खुर्ची आणायला धावला, पण त्या गेल्या होत्या.

मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला तळघरातल्या लॉन्ड्रीत, कपड्यांची बास्केट घेऊन उतरताना त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मेधाला रजा नव्हती, तेव्हा निखिलच्या आईला नाशिकहून लवकर बोलावून घेतलं. त्या सप्टेंबरनंतर विमानात बसायला धडधाकट माणसं घाबरत होती, तरी त्या पंधरा दिवसांत आल्या. विहीणबाई वाईट असत्या तर सगळं किती सोपं झालं असतं! पण त्या गोड होत्या. काकू उठायला लागल्या की म्हणायच्या, "तुम्ही बसा हो ताई. मी आहे ना."

"बसा, बसा, बसा," काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या. "दिवसातनं चाळीसदा बसवते मला ती बाई. मी काय गणपती आहे?" आणि त्या रविवारपासून त्या माझ्या एकेरी सोफ्यावर येऊन बसायला लागल्या.

आमच्या भागातली टीम तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती. आदल्या वर्षी तळाला होती. त्यात सीझनच्या सुरुवातीलाच तिचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होऊन दवाखान्यात गेला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुटतो तो. त्याच्या जागी एक पोरगेला, कुणाला नावही माहीत नसलेला खेळाडू उभा केला होता, आणि हा पोरगा चक्क जिंकत चालला होता. परागने हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जुना बरा झाल्यावर त्याची जागा त्याला मिळेल ना परत?"

"मिळणारच ना यार काकू," पराग म्हणाला. तो नागपूरचा. देवालाही यार म्हणेल.

"मिळायलाच पाहिजे. माझ्या मैदानावर कायदा होता. मुलगी आजारी पडली तर बरी होऊन येईपर्यंत तिची जागा तिचीच. बदली खेळणारीने गडबड करायची नाही."

पण टीम जिंकत गेली आणि आम्ही सगळे त्या पोराच्या प्रेमात पडलो. जुन्याच्या बाजूने काकू एकट्या उरल्या. दर रविवारी जुंपायची.

"काकू, नवीन पोरगा मिस्टेक्स करत नाही," पराग म्हणायचा.

"चुका व्हायला आधी लांब फेकावं लागतं. हा रतीब घालतोय, रतीब. पाव शेर इकडे, अर्धा शेर तिकडे."

"पण जिंकतोय ना?"

"तयार स्वयंपाकावर येऊन वाढपी झालाय. भाजी कुणी चिरली? मसाला कुणी वाटला?" आणि प्लास्टर दाणकन.

मी वाद घालायचो तो जिंकण्यासाठी. हौसेने नव्हे, चिडून. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून ही बाई मला "पाठ सरळ कर" म्हणते, चिप्सचा बाऊल काढून घेते, आणि वर माझ्या क्वार्टरबॅकला वाढपी म्हणते! मी मुद्दाम तिच्या माणसाच्या जुन्या हरलेल्या मॅचेस शोधून काढायचो आणि तिच्यापुढे वाचायचो. बघा, अजूनही रागात एकेरीवर येतो मी. समोर कधी आलो नाही, एवढीच काय ती सभ्यता.

नोव्हेंबरच्या मध्यात जुना बरा झाला. प्रशिक्षकाने सांगितलं, बरा झालाय हे चांगलंच आहे, पण खेळणार नवाच. त्याच आठवड्यात काकूंचं प्लास्टर निघालं.

खाली काय झालं ते मला मेधाकडून नंतर कळलं. काकूंनी पहिल्या दिवशी पोळ्या करायला घेतल्या. मनगटात जोर नव्हता, पोळीच्या कडा जाड राहिल्या. विहीणबाईंनी ती पोळी उचलली आणि परत लाटली. मग काकू इराला भरवायला बसल्या. इराने तोंड फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, "नॉट यू. दॅट आजी." महिनाभरात पोरीचा घास दुसऱ्या हाताला सरावला होता. त्यात तिचा काय दोष?

दवाखान्यातून काकूंना मनगटासाठी रबरी चेंडू दिला होता. आता दणक्यांऐवजी तो चेंडू दाबत त्या मॅच बघायच्या. कुणी नव्या पोराचं कौतुक केलं की तो चेंडू नेमका त्याच्या डोक्यावर. हात कच्चा असला तरी नेम पक्का होता. दोनदा माझा चहा सांडला.

डिसेंबरातल्या एका रविवारी टीम परत जिंकली. आम्ही नाचत होतो आणि काकू कुणाला तरी गद्दार म्हणत होत्या, बहुतेक प्रशिक्षकाला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काकू, टीम चाललीय ना नीट? मग कोण चालवतंय त्याच्याशी काय करायचंय तुम्हाला?"

काकूंनी चेंडू दाबायचा थांबवला.

"हेच," त्या म्हणाल्या, "हेच अगदी, शब्दाला शब्द, काल माझी मुलगी म्हणाली. घर चाललंय ना नीट, आई?" आणि त्या उठून गेल्या. दार आपटलं नाही, त्यामुळे मला जास्तच राग आला. चूक माझी आहे असं कुणी न बोलता दाखवलं की मला तो माणूस सहन होत नाही.

त्या रागात मी जे केलं ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात निखिल लॉन्ड्रीत भेटला. मी माझ्या आईचा मुदतवाढीचा फॉर्म आदल्या वर्षी भरला होता. तो म्हणाला, "तो फॉर्म कॉम्प्लिकेटेड आहे का रे? सासूबाई विचारतायत. पण आता आई आहेच एप्रिलपर्यंत, आणि त्यांच्या हाताचंही तसंच आहे..." त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं, 'सोपा आहे' किंवा 'अवघड आहे', कुठलंही चाललं असतं. फॉर्म दोन पानांचा होता. मी म्हणालो, "कशाला कटकट करतोस? दोघींना एका घरात ठेवलंस तर तूच वेडा होशील. आणि काकूंच्या हातात काही राहिलेलं नाही आता."

"तेच म्हणतो मी," निखिल म्हणाला, आणि त्याने ड्रायरमध्ये कपडे टाकले.

काकू तीन रविवार आल्या नाहीत. टीम बाद फेरीत पोचली आणि त्या परत आल्या. बर्फाचे बूट दाराशी काढले आणि आपल्या जागी बसल्या. येत्या बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं. हे परागने मला कानात सांगितलं.

ती अंतिमच्या आधीची मॅच होती. मध्यंतराच्या आधी नव्या पोराचा पाय दुखावला. तो लंगडत बाहेर गेला, आणि कडेने टोपी काढून, डोक्यावर हेल्मेट चढवत जुना धावत आत आला. आम्ही सगळ्यांनी टीव्ही सोडून काकूंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या होत्या. शाळेत प्रार्थनेला राहतात तशा, ताठ. त्याने थोड्याच वेळात लांब फेक केली, गुण मिळाले, पराग किंचाळला, "काकू, तुमचा माणूस यार! तुमचा माणूस!" काकूंनी टाळी वाजवली नाही. मॅच संपेपर्यंत त्या बसल्याही नाहीत. उजव्या मुठीत चेंडू पार चपटा झाला होता.

टीम जिंकली. परागने गंमत म्हणून त्यांच्या पायांना हात लावला. "आता काय म्हणता? आता तर हाच खेळणार फायनल."

"पुढच्या रविवारी परत बसवतील त्याला."

"असं कसं बसवतील? त्यानेच जिंकून दिली ना!"

"त्या पोराचा पाय बरा होईल की रविवारपर्यंत," काकू म्हणाल्या. "त्याची जागा दुखण्याने जाणार नाही. ती ह्याचीच जाते." कुणाकडेही न बघता त्यांनी बूट चढवले.

बुधवारी बर्फ पडत होतं. मी बॅगा गाडीत ठेवायला खाली उतरलो. विहीणबाई इराला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या आणि खरंच रडत होत्या. इरा हात हलवून "बाय आजी" म्हणाली आणि तिने विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. काकूंनी तिच्या पायातला निसटलेला मोजा वर केला. बाकी काही केलं नाही.

गाडीशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ठरलं का, कोण खेळणार?"

"नवाच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग माझं मनगट उजव्या हाताने धरलं आणि आवळलं. मला वाटलं निरोपाचं असेल. पण त्या आवळतच राहिल्या, इतकं की माझी बोटं बधिर व्हायला लागली.

"बरा झालाय ना हात? सांग."

"हो काकू. झालाय."

"मग हे निखिलला सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. हात सोडून गाडीत बसल्या आणि दार स्वतःच ओढून घेतलं. मला आतला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, काचेवर बर्फ साचलं होतं.

रविवारी आमची टीम, जिला कुणी विचारत नव्हतं ती, अंतिम सामना जिंकली. शेवटच्या क्षणी. आम्ही सोफ्यावर उड्या मारल्या, पराग रडला, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलो. त्या एकेरी सोफ्यावर आमची जॅकेटं पडली होती. सगळे गेल्यावर मी ती जागा पाहिली आणि भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड काढलं. सांगलीत सकाळ झाली होती. काय सांगायचं ते मनाशी जुळवलं होतं. फॉर्म दोन पानांचा होता, हेही सांगणार होतो.

"काकू, मी बोलतोय. जिंकलो आपण."

"तो उतरला का?"

"नाही."

खरखरीत ऐकू यावं म्हणून मी फोन कानाशी दाबला.

"बसला होता?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. उभा होता. कडेला, टोपी घालून. शेवटपर्यंत उभा होता."

"पाठ सरळ होती?"

"एकदम सरळ."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. इरा तोवर डे-केअरला जायला लागली होती, दोघींपैकी कुठल्याच आजीची गरज उरली नव्हती. त्यानंतरच्या वर्षी मेधा घाईघाईने एकटीच सांगलीला जाऊन आली.

मी खोटं बोललो होतो. त्या दिवशी संपूर्ण मॅचमध्ये तो उभा होता की बसला होता, हे मला माहीत नाही. मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.