गुरुवार, ९ ऑगस्ट

असल्या गोष्टी छापायला आल्या की त्या परत पाठवणं हे माझं काम होतं. रत्नागिरीतल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. अमक्याला पिंपळाखाली बाई दिसली, असा मजकूर यायचा. कोणी पाहिली, किती वाजता, सोबत कोण होतं, हे तीन प्रश्न विचारले की बाई नाहीशी व्हायची. तेव्हा माझा विश्वास नव्हता. आज आहे का... सांगता येत नाही. घडलं त्या क्रमाने लिहितो.

माझा थोरला भाऊ, दादा, पावस गावी आमच्या कलमांच्या बागेत राहायचा. तो आणि वहिनी, दोघंच, मूलबाळ नाही. १९९८च्या जानेवारीत एका सकाळी 'चष्म्याची काडी बसवून आणतो' असं सांगून तो रत्नागिरीच्या एसटीत बसला. कंडक्टरने त्याला स्टँडवर उतरताना पाहिलं. त्यानंतर कोणीच पाहिलं नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता. पोलीस झाले, दवाखाने झाले, मुंबईचे नातेवाईक झाले. बेपत्ता असल्याची जाहिरात मीच लिहिली — उंची, रंग, अंगात पांढरा सदरा, डावी काडी मोडलेला चष्मा.

दर जानेवारीत वहिनी जाहिरात पुन्हा द्यायला ऑफिसात येत. तोच फोटो, तोच मजकूर. कपाळाला कुंकू होतंच. बारा वर्षं वाट पाहा, असं भटजींनी सांगितलं होतं. एकदा प्रूफ वाचता वाचता त्या म्हणाल्या, "भावोजी, आहेत की नाहीत एवढं कळलं तरी पुरे हो. नसतील तर दिवस कळू दे. त्या तिथीला पान तरी वाढीन."

२००३च्या दिवाळीत आमच्या पेपरची वेबसाइट सुरू झाली. काम मेघना बघायची. गावातच कॉम्प्युटर शिकलेली, चोख मुलगी. पहिल्याच दिवशी संपादक तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पानाच्या डोक्यावर तारीख इंग्रजीत होती.

"मराठी पेपर नि वर थर्सडे? लोक जोडे घेऊन येतील, मेघना."

"सर, वाचणाऱ्याच्या मशीनवर मराठी फॉन्ट नसला तर नुसते चौकोन दिसतील."

मग तिने उपाय काढला. सात वारांची सात चित्रं, बारा महिन्यांची बारा, आकड्यांची दहा. वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरमधलं घड्याळ जी तारीख सांगेल, तिची चित्रं एकापुढे एक लागायची. प्रत्येक चित्र मी तपासलं.

"आणि साल, सर?"

"साल लोकांना ठाऊक असतं," संपादक म्हणाले. "ज्याला नाही, त्याने पेपर वाचून काय करायचंय?"

म्हणून साल गाळलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

२००४ साली, १३ जानेवारीला, मंगळवारी दुपारी वहिनी जाहिरात घेऊन आल्या. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर आमचंच पान उघडं होतं. बसता बसता त्या हसल्या.

"तुमच्या बातम्या शिळ्या असतात ते ठाऊक होतं. आता तारीखही शिळी लावता होय?"

मी पाहिलं. डोक्यावर होतं — गुरुवार, ९ ऑगस्ट.

मेघनाला बोलावलं. "मशीनची बॅटरी गेली असणार," ती म्हणाली. पण स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ १३ जानेवारीच दाखवत होतं. तिने पान पुन्हा उघडलं. गुरुवार, ९ ऑगस्ट. तिच्या मशीनवर उघडलं, वहिनी कुतूहलाने तिच्यामागे गेल्या. तिथेही तेच. मग वहिनींची गाडी सुटायची वेळ झाली. त्या जिना उतरून गेल्यावर मेघनाने पुन्हा पाहिलं. मंगळवार, १३ जानेवारी. दोन्ही मशीनवर.

दोन दिवसांनी वहिनी प्रूफ बघायला आल्या, आणि तारीख पुन्हा बदलली. त्या गेल्या, ती सुधारली. मेघना त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "सर, त्या असल्या की होतंय."

मी तिला वेड्यात काढलं. पण बातमी एका ठिकाणाहून पक्की होत नाही, दुसरीकडून तपासावी लागते. पुढच्या आठवड्यात वहिनी बाजाराला आल्या तेव्हा मी त्यांना स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत नेलं. आमची साइट कधीच न उघडलेलं मशीन मागून घेतलं. त्याआधी मेघनाला एक काम सांगून ठेवलं होतं — ऑगस्टचं चित्र सर्व्हरवरून काढून टाक. जानेवारीत त्याची कोणाला गरज नव्हती. कॅफेत पोचल्यावर तिला फोन केला.

"काढलंय, सर. कोणी मागितलं तरी तिथे लाल फुलीचा चौकोन येईल. ऑगस्ट दिसूच शकत नाही."

कॅफेतली लाइन मंद होती. चित्रं एकेक करून उतरत होती. आधी गुरुवार आला. मग ९. मग थोडा वेळ जागा रिकामी राहिली, आणि तिथे ऑगस्ट उमटला.

वहिनींनी पदर सावरला. त्या घाबरल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "हा दिवस माझ्यासाठी आहे. होय ना, भावोजी?"

मी पान पुन्हा उघडलं. तेच आलं.

"कुठल्या सालचा?"

बातम्यांच्या तारखा तपासताना वार काढायची सवय असते. ९ ऑगस्टला गुरुवार १९९० साली होता. तेव्हा दादा घरात होता. त्यानंतर तसा गुरुवार आला एकदम २००१ साली. म्हणजे एसटीतून उतरल्यावर साडेतीन वर्षं...

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो. "गेला त्याच वर्षी."

त्यांनी डोळे मिटले. "मग फार दिवस हाल नाही झाले त्यांचे," एवढंच बोलल्या. छापायच्या तारखेत मी नोकरीभर कधी चूक केली नव्हती. मुद्दाम खोटी तारीख सांगितली ती ही एकच.

रविवारी मी पावसला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ओट्याशेजारच्या खिळ्याला कॅलेंडरं असायची. दादा गेल्यापासून त्यांनी जुनं काढलंच नव्हतं. दरवर्षीचं नवं त्याच खिळ्यावर वरून लावायचं. आज ती सगळी जमिनीवर पसरलेली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णवात नऊ ऑगस्टला रविवार होता."

मी उभाच राहिलो.

"नव्याण्णवात सोमवार. दोन हजारात बुधवार." एकेका कॅलेंडरवर त्यांनी बोट ठेवलं. "आणि हा गुरुवार. बघा."

२००१चा ऑगस्ट. ९ च्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं — 'गॅस लावला'.

"सकाळी जुना संपला. नवा सिलिंडर लावला नि चहा टाकला," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीच नाही केलं त्या दिवशी."

मी म्हणालो की यंत्राचा बिघाड असेल, चित्रावरून काही सिद्ध होत नाही, माझी चूक झाली. त्यांनी ऐकून घेतलं.

"भावोजी, साडेतीन वर्षं होते ते. मग आले का नाहीत?"

मी विचारलं, दिवस कळला आहे, तर तिथीचं काही करायचं का. भटजींशी मी बोलतो.

"नको." त्या कॅलेंडरं गोळा करत होत्या. "चालत यायचे पाय होते तेव्हा आले नाहीत. आता पानावर कशाला बोलवू?"

नंतर मी शक्य तिथे चौकशी केली. २००१च्या त्या तारखेला दादाच्या वर्णनाचा माणूस कुठे मेल्याची नोंद मला मिळाली नाही. तो जिवंत असल्याचीही नाही. म्हणजे हातात पुरावा एकही नाही. फक्त तीन चित्रं, आणि त्यातलं एक तिथे नसलेलं. मेघनाने सगळं पुन्हा तपासलं, तिला दोष सापडला नाही. वहिनी पुन्हा कधी स्क्रीनसमोर बसल्या नाहीत, म्हणून चौथ्यांदा पडताळणं राहून गेलं. साइटवरची तारीख त्यानंतर कधी चुकली नाही.

पुढच्या जानेवारीत मी पाचव्या पानावर नेहमीची दोन कॉलमांची जागा धरून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत वहिनी आल्या नाहीत. पावसला फोन केला. त्यांनीच उचलला.

"जाहिरात नको आता," त्या म्हणाल्या. "ते हरवलेले नाहीत."

ती जागा मी हवामानाने भरली.