विंगेतला आवाज

पुण्याहून संकलकाचा फोन आला तेव्हा मी एका लग्नाची चित्रफीत जोडत बसले होते. भंडाऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, निरोपसमारंभ यांची शूटिंगं करून पोट भरते आणि त्यातून वाचलेल्या वेळात स्वतःचा सिनेमा करते. पहिला सिनेमा नुकताच चित्रित झाला होता. हरवलेली म्हैस शोधत एक म्हातारी दिवसभर गावोगाव हिंडते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत सुटते, एवढीच त्याची गोष्ट.

"सगळं सुरेख आहे," संकलक म्हणाला, "पण प्रत्येक वाक्य दोनदा का आहे?"

"दोनदा म्हणजे?"

"आधी एक पुरुष बोलतो. मग त्या आजी तेच बोलतात. ही काही शैली आहे का तुमची?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पुण्याच्या लोकांच्या चेष्टा मला उशिरा कळतात, म्हणून थोडी हसलेही. मग हेडफोन लावून सिनेमा सुरुवातीपासून ऐकला. म्हातारीचा आवाज होता, वारा होता, धानाच्या बांधीतून जाणाऱ्या पायांचा चिखलातला आवाज होता. मी त्याला फोन करून सांगितलं, कोणी पुरुष-बिरुष नाही, तुमचा स्पीकर तपासा. तो शांतपणे म्हणाला, "डोळे मिटा आणि म्हातारी बोलायच्या जरा आधी काय येतं ते ऐका."

डोळे मिटले आणि ऐकू आलं. हलक्या पण खणखणीत आवाजात भाऊ बोलत होते. "माही म्हैस पायली का गा?" आणि लगेच म्हातारी, "माही म्हैस पायली का गा?" जिथे जिथे वाक्य, तिथे तिथे तसंच. एकदा ऐकू आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

भाऊ म्हणजे आमचे कवी. जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरी आणि उरलेला सगळा जीव आमच्याकडच्या झाडीबोलीतल्या कवितेत. सिनेमाचे संवाद त्यांनी लिहिले होते आणि शूटिंगमध्ये प्रॉम्प्टिंगही तेच करत होते, कारण म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना त्याशिवाय एक वाक्य बोलता येत नव्हतं. त्यात बाईंचा काही दोष नाही. उभी हयात त्यांनी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर काढली. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. आज एका गावात सासू, उद्या दुसऱ्या गावात राणी, परवा तिसरीकडे विधवा. पाठांतराला सवड कोणाला? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, सबंध नाटक वाचत जातो, आणि नट त्याचं वाक्य उचलून त्यात जीव ओततो. समोर हजारो माणसं बसलेली असतात आणि प्रॉम्प्टर सगळ्यांना ऐकू जात असतो. पण तो ऐकायचा नसतो. आईच्या मांडीवर बसून नाटक बघायला लागतो तेव्हापासून आमचे कान तो आवाज गाळून टाकायला शिकतात.

आता आमची गंमत बघा. दिग्दर्शक मी, भंडाऱ्याची. आवाजाचं काम बघणारा माझा मावसभाऊ, जो नाटकांना साऊंड लावत मोठा झाला. कॅमेरावाला आमच्याच जिल्ह्यातल्या साकोलीचा. शूटिंगभर प्रत्येकाच्या कानावर तो आवाज पडत होता आणि एकालाही ऐकू आला नाही. मावसभाऊ तर हेडफोन लावून मान डोलावत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? चिडून मी त्या दिवशी स्टुडिओचं शटर दणकन खाली ओढलं, तर शेजारचा भांडेवाला कोणी वारलं का म्हणून विचारायला आला.

भाऊंचं पुढचं वाक्य बाईंच्या आधीच्या वाक्यावर चढलेलं होतं, ते नुसतं कापून निघत नव्हतं, म्हणून संकलकाने दोन-तीन दिवसांनी तोडगा काढला. पुण्यात एक तयारीची आवाजाची कलाकार आहे, ती म्हातारीचं सगळं बोलणं डब करून देईल. त्याने आणखी एका माणसाशी बोलणंही केलं होतं, जो छोटे सिनेमे विकत घेऊन मोबाईलवर दाखवतो. त्या माणसाचं म्हणणं, डब करताच आहात तर भाषाही जरा सगळ्यांना कळेल अशी करा, मग मी घेतो. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाच्या बापाचं काय जातं! तरी खोटं कशाला बोलू, मी त्यावर विचार केला. सिनेमा कोणीतरी घेतो म्हणतोय, हे वाक्य माझ्या धंद्यात फार क्वचित कानावर येतं.

जवाहरनगरला जाऊन भाऊंना सगळं सांगितलं. भाऊ कविसंमेलनात उभे राहिले की पहिल्या ओळीलाच लोक हसतात. कविता विनोदी नसते. बोली ऐकली की हसायचं असतं, असं लोकांनी ठरवून टाकलं आहे. भाऊ थांबतात, हसणं संपू देतात आणि पुढची ओळ म्हणतात. कितीतरी वर्षं मी त्यांना हे करताना बघते आहे आणि दर वेळी माझंच डोकं तापतं. या सिनेमात पहिल्यांदा कोणीतरी त्यांची बोली रडायला, भांडायला, विनवायला वापरली होती. तीच आता पुसायची का, हे विचारायला मी आले होते.

भाऊ म्हणाले, "मले काढून टाक. बाईले नोको काढू."

झालं. पुढचा विचार करायचं कारणच उरलं नाही. पुण्याला कळवून टाकलं, की डबिंग होईल, आमच्या बोलीत होईल आणि बाईंच्याच आवाजात होईल. घेणारा माणूस अर्थातच गळाला. गळू दे म्हटलं.

पण बाईंच्या गावी गेले आणि पायाखालची जमीन सरकली. बाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती अगदी तोंडावर आली होती. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तोवर कमी बोला, ओरडू तर अजिबात नका, हेही बजावलं होतं. आणि मी त्यांच्याकडे सबंध सिनेमा पुन्हा बोलून मागायला आले होते! मी चहा घेतला, इकडचं-तिकडचं विचारलं आणि निघाले. अंगणातून बाईंनी हाक मारली.

"काय व पोरी, काहून आली होती ते तं सांगितलंच नाई."

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग करून टाकू ना."

"बाई, तुमचा गळा..."

"गरा माहा हाये. तू तुहा क्यामेरा सांभाळ. आपरेशनच्या आंधी तं आवाज माहाच हाये ना?"

मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करणार नाही म्हणाले, तेव्हा त्या चिडल्या, पण मी हटले नाही. डॉक्टरांनी मला आधी चांगलं फैलावर घेतलं. मग सांगितलं, हळू आवाजात, थोडं थोडं, मध्ये भरपूर विश्रांती, आणि बाकीच्या वेळी पूर्ण मौन. बाईंनी मौन इतक्या इमानदारीने पाळलं, की घरात कोणाशी चकार शब्द बोलेनात. सुनेला वाटलं सासूबाई रुसल्या. तिने दोन दिवस गोडधोड करून वाढलं. बाईंनी ते मुकाट्याने खाल्लं आणि खरं कारण मात्र सांगितलं नाही, सांगितलं असतं तर शिरा बंद झाला असता.

डबिंगसाठी शांत खोली हवी होती. बाईंच्या गावात घराशेजारी धानाची मिल. वरठीला माझ्या मामाकडे करावं तर रेल्वे आणि कारखाना. शेवटी भाऊंचं क्वार्टर ठरलं. आतल्या खोलीच्या भिंतींना आम्ही घरातल्या झाडून सगळ्या गाद्या आणि गोधड्या लावल्या. भाऊंच्या बायकोने शेजारणींना दम दिला, की आम्ही खिडकीत लाल टॉवेल लटकवला की कोणी कुकर लावायचा नाही. कॉलनीत ही बातमी अशी पसरली, की शेजारणी रोज सकाळी येऊन विचारायच्या, आज वरण शिजवायचं की नाही.

खरं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. प्रॉम्प्टिंगशिवाय बाईंना वाक्य येत नव्हतं आणि प्रॉम्प्टिंगचा आवाज पुन्हा मायकात जाऊन चालणार नव्हतं. पाठ करून बघा म्हटलं. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. वाक्य अचूक आलं, पण त्यात म्हातारी नव्हती, परीक्षेला बसलेली बाई होती. त्यांना ते स्वतःलाच कळलं. "मांगून कोनी बोल्लं नाई तं मले एकटं वाट्टे," त्या म्हणाल्या. हे ऐकून मला त्यांचा राग येणं बंद झालं. इतकी वर्षं त्यांच्या प्रत्येक राणीमागे आणि प्रत्येक सासूमागे एक माणूस बसलेला होता, आणि तो उठून गेला की त्यांना काम करता येत नव्हतं.

मग भाऊंना आम्ही स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. त्यांच्या हातात मोबाईल, समोर संवादांचे कागद, दार बंद. बाईंच्या कानात इअरफोन. भाऊ तिकडून हळू बोलायचे, ते फक्त बाईंना ऐकू यायचं, आणि माझ्या मायकात एकट्या बाई यायच्या. पहिलं वाक्य असं मिळालं तेव्हा मी हेडफोन काढून दोनदा पुसले आणि पुन्हा ऐकलं. भाऊंचा श्वाससुद्धा नव्हता.

काम तरी सोपं नव्हतंच. पडद्यावरच्या ओठांशी जुळायला हवं, म्हणून एकेक वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागे. बाईंना आवाज खाली ठेवायची सवय नाही. जन्मभर शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोललेल्या, त्यांना दोन बोटांवरच्या मायकाशी बोलायला लावायचं म्हणजे नाकी नऊ आले. आवाज जरा फाटला की मी थांबवायची. त्या डोळे वटारायच्या. मी त्यांच्यासमोर कोमट पाण्याचा पेला ठेवून हाताची घडी घालून उभी राहायची. भाऊ स्वयंपाकघराचं दार किलकिलं करून विचारायचे, "भांडन झालं का? मंग पुढचं घेऊ?"

शेवटच्या दृश्यात म्हातारी तलावाच्या पाळीवर उभी राहून म्हशीला हाका मारते. पोटातून, जीव तोडून. या हाकांच्या धास्तीने माझी झोप उडाली होती, कारण त्या हळू मारताच येत नाहीत, आणि मारल्या तर गळ्याचं काय होईल सांगता येत नव्हतं. बाई मात्र त्याच दृश्यासाठी आवाज जपून बसल्या होत्या. मी मूळ शूटिंगचा आवाज लावून बघितला. त्यात भाऊ नव्हते. म्हशीला कसं बोलवायचं हे बाईंना कोणी सांगायची गरज पडली नव्हती! हाका स्वच्छ होत्या, मागे फक्त पाणी होतं. मी म्हटलं, बाई, झालं आपलं, हे दृश्य आहे तसंच राहील. सुटल्याचा आनंद मला झाला. त्यांना नाही झाला. त्यांनी इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि भाऊंच्या बायकोजवळ जाऊन बसल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र बदलला. पहिला आवाज घंटेसारखा वाजायचा, आताचा घोगरा आणि जाड झाला. फोनवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं त्यांच्या घरातला कोणी पुरुष बोलतोय, आणि मी त्यालाच विचारलं की बाई कशा आहेत. नाटक कंपनीने त्या हंगामात त्यांना बोलावलं नाही.

पुण्यात सिनेमा कोणी घेतला नाही, मुंबईतही नाही. मग माझ्या डोक्यात मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गाव आपला दिवस ठरवून मंडई भरवतं. घरोघरी पाहुणे, रस्त्यात दुकानं, दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, आणि रात्री नाटक. बाईंच्या गावच्या मंडळाकडे गेले. रात्रीचा मान नाटकाचा, तो मिळणार नव्हता. दुपार मिळेल म्हणाले. भर दुपारी सिनेमा दाखवायचा कसा? त्याच धानाच्या मिलचं गोदाम मागितलं, झरोक्यांवर ताडपत्र्या बांधल्या, पांढरं कापड शिवून ताणलं. मिलमालकाने अट घातली, सिनेमा वाईट निघाला तर पोती परत तुम्ही रचून द्यायची.

गोदाम भरलं. पहिला संवाद आला आणि माणसं हसली. भाऊ भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या संवादाला थोडी हसली. मग म्हातारी एका घरी पाणी मागते आणि तिला ओसरीवरूनच परत पाठवतात, तिथे सगळं शांत झालं. त्यानंतर लोक हसले ते हसायच्या जागी. हाकांचं दृश्य आलं तेव्हा मागून एक बाई पडद्यातल्या म्हातारीलाच सांगू लागली, की म्हैस तिकडे नाही, वरच्या अंगाला बघ.

सिनेमा संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. नाटकातले जुने दर्दी असावेत. त्यांनी विचारलं, "प्राम्टर कोन होता? एक सबद आईकू नाई आला. लय तयारीचा मानूस दिसते." मी भाऊंकडे बोट दाखवलं. त्यांनी जाऊन भाऊंचे दोन्ही हात धरले. भाऊंना कविसंमेलनात शाली मिळाल्या आहेत, पण तेव्हा त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. ते नुसती मान हलवत राहिले.

बाई पहिल्या रांगेत बसून होत्या, गळ्याभोवती सुती दुपट्टा. गावच्या बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या आणि आवाजाबद्दल हळहळत होत्या, कसा आवाज होता, काय आवाज होता. मला ते ऐकवेना. मी त्यांना तिथून उठवायला गेले, तर बाईंनी मलाच बाजूला सारलं आणि भाऊंना जवळ बोलावलं.

"तो आवाज तं या शिनेमात झाला ठेवून," त्या आपल्या नव्या, जाड आवाजात म्हणाल्या. "पुढच्या शिनेमात या आवाजाची बाई लिहजो."

भाऊंनी डोळे पुसले. "लिहतो. पन आता पाठ करजा."

"कायले गा? तू हायेस ना."