वायरीपुरतं अंतर

काल बागेत दोन मुली एकाच इयरफोनचं एकेक टोक कानात घालून बसल्या होत्या. एकीने मान वळवली की दुसरीच्या कानातलं निघायचं आणि दोघी हसायच्या. त्यांना पाहून बाबांची आठवण आली.

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा पलंगावरून उठायलाच घाबरत. दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून मोबाईलवर नाट्यगीतं लावायची. एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, म्हणून डोकी जवळ आणावी लागत. इतक्या जवळ आम्ही माझ्या लहानपणीही बसलो नसू.

मग भावाने बिनवायरीचे आणले. त्यांचा आवाज जरा पातळ होता आणि चार्जिंगची कटकट मागे लागली. पण बाबा मोबाईल खिशात टाकून वॉकर घेऊन घरभर फिरू लागले. ते हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, गाणं मात्र एकच. मला बरं वाटे, आणि शेजारची जागा रिकामी झाल्यासारखंही वाटे. माणूस मोकळा व्हावा आणि जवळही राहावा, हे दोन्ही एकदम कुठे जमतं?

एका संध्याकाळी भाजी चिरताना कानातलं गाणं तुटक येऊ लागलं, मग थांबलंच.

"बाबा?"

हॉल रिकामा, दार उघडं. मी गॅलरीत धावले. खाली फाटकापाशी बाबा वॉकर धरून उभे होते. मला पाहताच त्यांनी मान उंचावली.

"अगं, लिफ्टने आलो!" ते खालून ओरडले. "एकटा आलो!"