एलरस्क्यू: एकूण दोन

थॉर्न्सगिलच्या खोऱ्यात मेटकाफ इतके आहेत, की डोळे मिटून दगड भिरकावला तरी कुणा ना कुणा मेटकाफलाच लागेल. एलरस्क्यूंचं मात्र एकच घर होतं. बाप ईनॉक, आई ॲनिस आणि लेक हेझल.

ईनॉक कुंपणाच्या भिंती रचायचा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि तरी मेंढरांनी रेटून हलायची नाही अशी भिंत. बोलणं कमी. फक्त आडनावाचा विषय निघाला की त्याची जीभ सुटायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला एलरस्क्यू नावाची वाडी होती, तिच्यावरून आपलं नाव पडलं, असं तो सांगायचा. एलर म्हणजे इकडच्या जुन्या बोलीत ओल्या काठाला वाढणारं आल्डरचं झाड, आणि स्क्यू म्हणजे रान. हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या समुद्रातून जहाजं घेऊन आलेल्या लोकांचे हे शब्द. वाडीची आता एक पडकी भिंत उरली होती आणि झाडं तर केव्हाच तुटली होती, पण ईनॉकला त्याचं काही नव्हतं. "बाकीच्यांची नावं धंद्यावरून पडली," तो म्हणायचा, "कुणी शिंपी, कुणी गिरणीवाला. आपलं नाव जमिनीतून उगवलंय."

त्याचा एक भाऊ युद्धात गेला, दुसऱ्याला मूलबाळ झालं नाही. ईनॉकचा स्वतःचा मुलगा विल्फ्रेड चार वर्षांचा असताना घटसर्पानं गेला. त्यानंतर झालेली हेझल, तेवढीच राहिली.

हेझल सतराव्या वर्षी गावच्या चीजच्या कारखान्यात कामाला लागली. त्याच उन्हाळ्यात वरच्या रस्त्याचं काम करायला एक टोळी आली. तिच्यातला कॉनर नावाचा लाल केसांचा तरुण रोज दुपारी कारखान्याच्या दाराशी ताक प्यायला यायचा. हिवाळ्याच्या तोंडाला रस्ता संपला, टोळी दुसरीकडे गेली, कॉनरही गेला. आपण मागं काय ठेवून चाललोय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

ॲनिसच्या ध्यानात आलं तेव्हा चौथा महिना लागला होता. ईनॉकनं आवाज चढवला नाही. तो चुलीजवळ बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. दोन्ही बूट काढून झाल्यावर तो म्हणाला, "चारशे वर्षं ह्या नावाला कुणी बोट लावलं नाही. ते तुझ्यापायी लागायचं नाही, पोरी."

गावात सांगण्यात आलं, की हेझल ब्रॅडफर्डला आजारी मावशीकडे गेली. ती गेली होती लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलींना ठेवून घेणाऱ्या एका घरात. तिथं मार्चमध्ये तिला मुलगा झाला. सहा आठवडे तिनं त्याला अंगावर पाजलं. सगळ्याजणींना तेवढेच मिळायचे. त्या सहा आठवड्यांत जन्माची नोंद करायची असे. त्या घरातली बरोबर आलेली बाई म्हणाली, लिही काय हवं ते, दत्तक घेणारे आईबाप नाव बदलणारच आहेत. कारकुनानं विचारल्यावर हेझलनं सांगितलं, रॉबिन. आणि आडनाव? तिनं ते एकेक अक्षर करून सांगितलं, कारण एलरस्क्यू हे नाव कारकुनानं कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर पॅट्सी नावाची मुलगी होती. तिचं बाळ आदल्याच दिवशी नेलं होतं. ती छताकडे बघत म्हणाली, "मी स्मिथ. माझा मुलगा उद्या मला शोधायला निघाला तर त्याचा जन्म जाईल स्मिथ मोजण्यात. तुझं बरं आहे. अख्ख्या इंग्लंडात तुम्ही मूठभर असाल."

मंगळवारी अकरा वाजता रॉबिनला न्यायला येणार होते. कपडे आईनंच घालायचे असा तिथला नियम. हेझलनं स्वतः विणलेला राखी स्वेटर त्याला घातला, बटणं लावली, मग एक चुकलं म्हणून सगळी काढली आणि पुन्हा लावली. चुकलं कुठलंच नव्हतं.

घरी परतल्यावर ह्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तीन वर्षांनी ॲनिस वारली. जाण्याआधी तिनं हेझलचा हात धरून ठेवला होता. हेझल पुन्हा चीजच्या कारखान्यात, ईनॉक भिंतींवर, आणि संध्याकाळी टेबलाच्या दोन बाजूंना दोघं.

कारखान्याची गाडी चालवणारा डेस्मंड प्रॅट चांगला माणूस होता. हसरा, दारूला न शिवणारा. दोन वर्षं तो हेझलला रविवारी फिरायला नेत होता. एकदा पुलावर बसून त्यानं सरळ विचारलं. हेझल म्हणाली, मला नाव बदलता येणार नाही.

"मी नाव मागतोय, मुंडकं नव्हे," तो म्हणाला.

ती हसली नाही. मग त्यानं विचारलं, की नाव तुझंच ठेवलंस तर? पण त्या काळात त्या खोऱ्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्याच नावानं ओळखली जायची. पत्रं त्या नावानं यायची, दुकानदार त्या नावानं हाक मारायचा. वीस वर्षांनी कुणी हेझल एलरस्क्यू कुठं राहते म्हणून विचारत आला तर लोक खांदे उडवतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते डेस्मंडला सांगता येत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं दुसरीशी लग्न केलं आणि हेझल त्याच्या लग्नाला केक घेऊन गेली.

ईनॉकला वाटलं, लेकीनं घराण्याच्या नावासाठी डेस्मंडला परत पाठवलं. त्याला तिचा अभिमान वाटला. एकदा जेवताना तो तिच्या ताटात चीजचा मोठा तुकडा सरकवत म्हणाला, "तुझ्यात आपलं रक्त आहे." हेझलनं तो तुकडा तसाच ठेवला.

पुढं कायदा बदलला. दत्तक गेलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर आपला मूळ जन्मदाखला बघता येणार, असं तिनं वर्तमानपत्रात वाचलं. दाखल्यावर आईचं नाव आणि पत्ता असतो. रॉबिनला अठरावं सरलं त्या महिन्यात तिनं दार रंगवलं. घरी टेलिफोन घेतला आणि फोनच्या पुस्तकात स्वतःचं पूर्ण नाव छापून घेतलं. ईनॉक म्हणाला, "तुला कोण फोन करणाराय? पोप?" ती म्हणाली, असू द्या, बाबा. सुट्टीला ती कधी बाहेरगावी गेली नाही. कारखान्यातल्या बायका समुद्रावर निघाल्या की हिला हमखास सर्दी व्हायची.

अशी अकरा वर्षं गेली.

हॅलिफॅक्सहून मिस्टर गार्साइड आले ते शहाण्णव सालच्या मे महिन्यात. रेल्वेतून निवृत्त झालेला, टापटीप, बोलघेवडा माणूस. त्यांची आजी एलरस्क्यू. निवृत्तीनंतर दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी आडनावाचा शोध घ्यायला घेतला होता. ईनॉक ऐंशीचा झाला होता, गुडघे गेले होते, पण त्या दिवशी त्यानं टाय बांधला. हेझलनं फळांचा केक कापला, बरोबर चीज ठेवलं आणि चहा टाकला.

गार्साइडनी वही उघडली. एक्क्याऐंशीच्या, म्हणजे अठराशे एक्क्याऐंशीच्या शिरगणतीत देशभर मिळून एकेचाळीस एलरस्क्यू, त्यातले तीस ह्याच खोऱ्यात. मग काही कापडगिरण्यांत गेले, काही कॅनडाला गेले आणि तिकडच्या कारकुनांनी त्यांचं स्पेलिंग पार बदलून टाकलं. पहिल्या युद्धात चार गेले. त्यानंतर मुलीच जास्त झाल्या. ईनॉक एकेका नावाला मान हलवत होता, मधूनच दुरुस्ती सांगत होता. इतका खुललेला तो हेझलनं किती वर्षांत पाहिला नव्हता.

"आणि आज," गार्साइड म्हणाले, "एकूण दोन. दोघंही ह्याच टेबलाशी." मग ते वहीत बोट फिरवत म्हणाले, "फक्त एकाचा मला पत्ता लागत नाही. रॉबिन एलरस्क्यू. जन्म सदुसष्टचा. लग्नाची नोंद नाही, मृत्यूची नाही. आईचं माहेरचं नाव..."

तिथं ते थांबले. आईचं माहेरचं नावही एलरस्क्यूच होतं, म्हणजे मूल लग्नाशिवायचं, हे आत्ता, मोठ्यानं वाचताना, त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली.

हेझलनं त्यांच्या कपात चहा ओतला आणि साखर किती, असं विचारलं. मग म्हणाली, "माझा मुलगा. कुठं असतो ते मला माहीत नाही. जिवंत धरा."

तीस वर्षांत त्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. गार्साइड केक अर्धा टाकून, माफी मागत निघून गेले. ईनॉक टायची गाठ चाचपत बसून राहिला.

"त्याला आपलं नाव दिलं होतंस?" त्यानं विचारलं.

"माझं दिलं होतं."

ईनॉकनं टाय सोडून टेबलावर ठेवला. मग ईनॉक म्हणाला, "तो आला होता."

हेझल बशा उचलत होती. ती थांबली.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरातला गुरुवार, हेझल कामावर. दारात एक तरुण उभा होता. हेझल एलरस्क्यू इथंच राहतात का, असं त्यानं विचारलं. ईनॉकनं सांगितलं, त्या नावाचं इथं कुणी नाही. तरुण म्हणाला, माफ करा, तुम्हाला त्रास दिला. गाडी वळवली आणि गेला.

"का?" हेझलनं एवढंच विचारलं.

"घाबरलो," ईनॉक म्हणाला. "हनुवटी आपल्या विल्फ्रेडसारखी होती. मी त्याला ओळखलं, पोरी. ओळखलं म्हणून घाबरलो."

हेझल बशा तशाच ठेवून बाहेर गेली आणि ओढ्याच्या कडेनं चालत राहिली. परत आली तेव्हा ईनॉक त्याच खुर्चीत होता. तिनं बटाटे उकडायला ठेवले. त्यानंतर सतरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, धुतलेले कपडे, आणि एक शब्द नाही.

त्या सतरा दिवसांत तिनं दत्तक गेलेल्यांच्या आणि त्यांच्या आयांच्या सरकारी नोंदणीत आपलं नाव घातलं. मुलानंही नाव घातलं तरच दोघांची गाठ घालून देतात, असं तिथली बाई फोनवर सांगत होती. सध्या त्याचं नाव नाही. पण पत्र ठेवता येईल, त्यानं कधी विचारलं तर देऊ. हेझलनं पुष्कळ कागद फाडले. शेवटी जे पाठवलं ते चार ओळींचं होतं. मी हेझल एलरस्क्यू, मी इथंच राहते, नेहमीच इथं राहत होते. त्या गुरुवारी मी कामावर होते. मी घरी असते तर दार मी उघडलं असतं.

अठराव्या दिवशी जेवताना तिनं चमचा खाली ठेवला आणि बापाला विचारलं, "उंच होता?"

ईनॉकला लगेच कळलं. "दाराच्या चौकटीला हाताची वीत कमी."

"केस?"

"लालसर. मागं वळवलेले."

"आवाज कसा होता?"

"मऊ. डोंगरापलीकडचा, लँकशरकडचा असावा."

मग ते रोजचंच झालं. आपल्या मुलाला मोठा झालेला पाहणारा जगात तिच्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि त्यानंच त्याला दारातून परत पाठवलं होतं. तिला त्याच्यावर राग धरून बसणंही परवडण्यासारखं नव्हतं. रागावली तर विचारणार कुणाला? भांडी घासताना, त्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना ती विचारायची आणि ईनॉक सांगायचा. हिरवं जाकीट. डाव्या हातात गाडीच्या किल्ल्या. बोटात अंगठी? नव्हती. पायपुसण्यावर बूट पुसले होते, आत येऊ म्हणतील ह्या आशेनं. हे शेवटचं ईनॉकनं एकदाच सांगितलं. हेझलनं त्याच्या पायांवर चादर ओढली.

दुसऱ्या वर्षी त्याचा विसर वाढला. जाकीट कधी हिरवं, कधी तपकिरी. किल्ल्या हातात होत्या की टोपी, हे त्याला सांगता येईना. हेझल दुरुस्ती करायची, "हिरवं, बाबा. तुम्हीच म्हणालात." तो मान डोलवायचा. पुढं पुढं तो त्या तरुणाला विल्फ्रेड म्हणू लागला. म्हणायचा, विल्फ्रेड दारात आला होता, मी त्याला आत घेतलं, आपण तिघांनी चहा घेतला. हेझल त्याला अडवायची नाही. कसा होता चहा, असं विचारायची. चांगला होता, तो म्हणायचा, केक तूच केला होतास.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत ईनॉक गेला. प्रार्थनाघरात मेटकाफांनी चार बाकं भरली. एलरस्क्यूंच्या बाकावर हेझल एकटी बसली होती, तेव्हा मिस्टर गार्साइड मागून उठून तिच्या शेजारी येऊन बसले. नंतर दारात त्यांनी टोपी हातात धरून विचारलं, वहीत काय लिहू?

"एक लिहा," ती म्हणाली. "आणि रॉबिनपुढं, पत्ता माहीत नाही असं लिहा. त्याला वगळू नका."

हेझल अजून त्याच घरात आहे. वय सत्तरीपुढं गेलंय. गावात नवी माणसं आली, कारखाना वाढला. कारखान्यातली तिची मैत्रीण समुद्राकाठी लेकीजवळ राहायला गेली आणि तूही ये म्हणून मागं लागली. हेझल एकदाही गेली नाही. दर मार्चमध्ये ती नोंदणीच्या कचेरीला फोन करते. पलीकडची मुलगी आडनावाचं स्पेलिंग विचारते, हेझल ते एकेक अक्षर करून सांगते. मुलगी थोडा वेळ शोधते आणि सांगते, की पत्र फाइलमध्येच आहे, अजून कुणी मागितलेलं नाही.